शालीआधीची साडेतीन वर्षं

गेल्या १७ सप्टेंबरला आमच्या रुग्णालयात मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन झालं आणि हाताच्या ऑपरेशनमध्ये बोटं धरून ठेवणाऱ्या आमच्या पाटाला पेटंट मिळालं म्हणून त्याच मंडपात माझा सत्कार झाला. वीस मिनिटांचा कार्यक्रम. शाल, श्रीफळ, काचेची ट्रॉफी आणि पाच हजार एक रुपयांचं पाकीट. फोटो फिरले आणि तेव्हापासून उदगीर, अंबाजोगाई, परभणी, कुठकुठल्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर-ब्रदरचे फोन येतायत. "ताई, माझ्याबी डोक्यात एक वस्तू आहे. पुढं काय करायचं असतं?" दहा-बारा जणांना सांगून झालं, दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदाच लिहून काढते, तारखा आणि खर्चासकट. हिशेब माझ्या नवऱ्यानं एका वहीत ठेवलाय, त्यामुळे आकडे पक्के आहेत. मी ठेवला असता तर भरवसा नव्हता.

मी लातूरला एका ट्रस्टच्या रुग्णालयात २००९ पासून ओटी सिस्टर आहे. शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. इंजिनिअरिंगशी संबंध एवढाच की घरचा मिक्सर बिघडला तर मीच खोलते.

मार्च २०२२. रब्बीची ज्वारी निघाली की आमच्या थिएटरला एक वेगळाच हंगाम लागतो, कुट्टीचा. कडबा कापायच्या यंत्रात, म्हणजे कुट्टीत, पेंडी सारताना हात आत जातो. बाईमाणूस असेल तर बांगड्या अडकतात, गडी असेल तर बाही. त्या रात्री औसा तालुक्यातली एक बाई आली. उजव्या हाताची तीन बोटं फाटलेली, तळव्यातले टेंडन, म्हणजे बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, तुटलेले.

हाताच्या ऑपरेशनचं एक गणित असतं. दंडाला टूर्निकेट लावून रक्त थांबवतात, त्याशिवाय सर्जनला आतलं काही नीट दिसत नाही. पण तो पट्टा एका दमात दोन तासांच्या पुढं ठेवायचा नसतो. म्हणजे घड्याळ मागं लागलेलं. आणि या सगळ्या वेळात कुणीतरी बोटं सरळ धरून ठेवावी लागतात, जखमेच्या कडा ओढून धराव्या लागतात. त्यासाठी हाताच्या आकाराचा, वाकवता येणारा धातूचा साचा मिळतो, लेड हँड म्हणतात त्याला. आमच्याकडचा दोन बोटं मोडून कपाटात पडला होता.

मध्येच असिस्टंट डॉक्टरांना कॅज्युअल्टीत बोलावलं, कुठंतरी ट्रॅक्टर उलटला होता. उरलो आम्ही तिघं: सर्जन सर, भूल देणाऱ्या मॅडम आणि मी.

"सिस्टर, बोट धरा."

"धरलं, सर."

"निडल होल्डर द्या."

"सर, मग बोट कोण धरणार?"

यावर सर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते माझ्यावर चिडले नव्हते, परिस्थितीवर चिडले होते. पण ऐकायला मीच समोर होते. त्या बाईची दोन बोटं आता बरी चालतात. तिसरं वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. घरी विळीच्या पाटावर पाय दाबून कांदा चिरत होते आणि एकदम लक्ष त्या पायाकडं गेलं. पाट पायाखाली दाबलेला असतो, म्हणून आपले दोन्ही हात मोकळे असतात. मग रुग्णाच्या हातानंच पाट दाबून धरला तर? कोपरापासून मनगटापर्यंतचं वजन एका पट्टीवर टाकायचं आणि पट्टीच्या पुढच्या टोकाला बोटं अडकवायची. टेबलाला नटबोल्ट नको, धरायला माणूस नको.

मुलाच्या चौकटीच्या वहीत चित्र काढलं आणि खाली तारीख टाकली. थिएटरच्या रजिस्टरमध्ये तारीख-वेळेशिवाय एक ओळ लिहू देत नाहीत, त्या सवयीनं टाकली. पुढं ती फार कामाला आली. तुम्हीही वही शिवलेली घ्या, सुटे कागद नकोत, आणि प्रत्येक चित्राखाली तारखेसोबत एका सहकाऱ्याची सही घ्या.

जून २०२२ मध्ये वही घेऊन मी लेथवाल्या चाचांकडं गेले. गंजगोलाईपासून जवळच त्यांचं दुकान आहे. आमच्या सलाईन स्टँडचं, थिएटरच्या स्टुलांचं वेल्डिंग तेच करतात. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ये कायका चौरंग है, सिस्टर?" चार दिवसांत ८५० रुपयांत पाट तयार झाला. मी तो गाडीच्या डिकीत कापडात गुंडाळून आणला, जसं काही बाळच.

तीनदा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रातून, काढला आणि कडांना गंज.

माझा पहिला संशय पाण्यावर. लातूरच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते लातूरकरांना सांगायला नको. हंड्याला थर, गीझरला थर, ऑटोक्लेव्हच्या तळाला थर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तर आम्ही थिएटरमध्ये मगानं मोजून पाणी वापरलंय. म्हणून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन विकत आणले आणि पत्र्याच्या दुसऱ्या पट्टीवर पुन्हा सगळं केलं, १२१ अंश, अर्धा तास. पुन्हा गंज. मग चाचांनीच सांगून टाकलं की पत्रा २०२ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा होता, जिन्याच्या रेलिंगला वापरतात तो. स्वस्तात बसावा म्हणून लावला होता. आपल्याला किमान ३०४ पाहिजे. मी म्हटलं, चुंबक लावून ओळखते की! तर चाचा हसायला लागले. चुंबक दोन्हींना धरत नाही, फसवणूक तिथंच होते. पत्रा घेताना दुकानदाराकडं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. देत नसेल तर दुसरं दुकान. हे वाक्य मला ८५० रुपये आणि दोन महिन्यांना पडलं.

दुसरा पाट ऑगस्टमध्ये झाला, ३०४ चा, २,४०० रुपये. गंज नाही. पण बोटं अडकवायला मी ग्लोव्हच्या मनगटाच्या पट्ट्या कापून वापरत होते, त्या वाफेत चिकट व्हायच्या. तिथं सिलिकॉनच्या पट्ट्या आल्या. मग सरांनी खरा प्रश्न काढला. "पट्टी जास्त ओढली गेली तर बोटाचा रक्तपुरवठा दाबेल. माणूस धरतो तेव्हा त्याच्या हाताला कळतं. तुमच्या पाटाला कसं कळणार?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पंधरा दिवस नव्हतं. उत्तर चाचांनी दिलं आणि तेही ट्रॅक्टरवरून. कल्टिव्हेटरच्या फणाला स्प्रिंग असते, जमिनीत दगड लागला की फण मोडत नाही, मागं उचलतो. चाचा म्हणाले, पट्टीची गाठ जिथं अडकते ती खाच सरळ कापूच नका, उतरती कापा. ताण हद्दीच्या बाहेर गेला की पट्टीची गाठ आपोआप उतारावरून सरकून सुटेल. खडूनं फरशीवर काढून दाखवलं. त्या खडूच्या रेघेचा मी फोटो काढून ठेवला, तोही तारखेसकट.

मग आमची गच्चीवरची प्रयोगशाळा. खाटकाकडून बकऱ्याचे पाय आणायचे, सरांच्या गच्चीवर पाटाला अडकवायचे आणि हुकाच्या ताणकाट्यानं पट्टी ओढून कितीला सुटते ते लिहायचं. चाचा खाच घासून द्यायचे, आम्ही पुन्हा ओढायचो. सरांच्या सौ. म्हणाल्या, "निदान पाया तरी शिजवून जा." पक्कं माप ठरल्यावर तिसरा पाट नोव्हेंबरमध्ये वाळूजच्या एका लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतला. सिलिकॉन, पॉलिश आणि संभाजीनगरच्या एसटीच्या दोन फेऱ्या धरून ६,७००.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. यानंतर कागद सुरू झाले.

सरांचा विचार होता की जानेवारीच्या परिषदेत पाट दाखवायचा. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, "मावशी, अर्ज टाकल्याशिवाय कुठंच दाखवू नका." वस्तू आधी लोकांसमोर आली की ती 'नवी' राहत नाही आणि पेटंट अडकतं. कायद्यात थोडे अपवाद आहेत, पण अपवादाच्या भरवशावर कुणी लग्न ठरवत नाही. सरांनी परिषदेतला विषय बदलला. मला मात्र त्याच आठवड्यात घाम फुटला, कारण आमच्या एका ब्रदरनं कौतुकानं पाटाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. ४१ जणांनी पाहिला होता. व्हिडिओत वरूनच पाट दिसत होता, खाच दिसत नव्हती, तेवढ्यावर निभावलं. तुमच्या थिएटरमधल्या हौशी पोरांना आधीच सांगून ठेवा.

दरम्यान मी रात्री शोध घेत बसायचे. भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास नावाचं मोफत शोधयंत्र आहे आणि गूगल पेटंट्स आहे. तिसऱ्या रात्री दीड वाजता मला एक परदेशी कडी सापडली: गोल चौकट, तिला खाचा, खाचांत रबरी ताण-आकडे. हुबेहूब वाटली. मी रडले. नवरा उठला, त्यानं चित्र पाहिलं आणि विचारलं, "यात तुझी ती सुटणारी खाच कुठाय?" नव्हती. हाताचं वजन पेलणारी पट्टीही नव्हती. झोपले मग.

भाच्यानं पुण्याच्या एका पेटंट एजंटशी फोन जोडून दिला. पहिल्या अर्ध्या तासाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला: "शोधक कोण?" मी म्हटलं, मी आणि सर. ते म्हणाले, पद विचारत नाहीये; वस्तूतली नवी कल्पना कुणाच्या डोक्यातून आली ते सांगा. सांगितल्याप्रमाणे नुसती वस्तू बनवून देणारा शोधक ठरत नाही, पण कल्पना त्याची असेल तर ठरतो. आणि खरा शोधक वगळला तर पुढं पेटंटच धोक्यात येतं.

फोन ठेवला आणि मला ती खडूची रेघ आठवली. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या मनात चाचांचं नाव आलंच नव्हतं. मी त्यांचे पैसे वेळेवर देत होते आणि तेवढ्यात माझा हिशेब पूर्ण होत होता.

सरांना विचारलं तर म्हणाले, "माझं नाव कशाला? मी फक्त शिव्या दिल्या." ताणाचा प्रश्न त्यांचाच होता, मी तसं म्हटलंही. "प्रश्न माझा, उत्तर तुमचं. उत्तराला पेटंट असतं." आपल्याकडं किती ठिकाणी असं होतं, ते वाचणाऱ्या सिस्टरांना माहीत आहे.

चाचांची सही मिळवायला मात्र चार फेऱ्या झाल्या. "मेरेकू कोर्टाचं लफडं तो नहीं ना?" जामीनदार म्हणून कुणासाठी तरी सही केली आणि हप्ते स्वतः फेडले, असा त्यांचा जुना अनुभव. शेवटी त्यांच्या मुलीनं, ती बारावीला होती, फॉर्म १, म्हणजे पेटंटचा अर्ज, वाचून त्यांना समजावून सांगितला. सही उर्दूत केली आणि खाली इंग्रजीतही. आधार कार्डावरचं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं होतं. अर्जात आधारवरचंच घातलं. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा, नाहीतर पुढं दुरुस्तीचा वेगळा फॉर्म आणि वेगळी फी.

९ जानेवारी २०२३ ला अंतरिम अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, मी स्वतः ऑनलाइन भरला. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडं, अँटॉप हिलला. पण मला एकदाही जावं लागलं नाही. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन भरलं की फी १,६००. त्याआधी डिजिटल सही घ्यावी लागते, तिचे १,७०० गेले. पहिल्या दिवशी ती सहीच चालेना. मी पोर्टलला दोष देत बसले. शेवटी कळलं की ती सही ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्याचं सॉफ्टवेअर मीच टाकलं नव्हतं. अंतरिम अर्जात दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ती वाक्यं, लिहावे लागत नाहीत, वर्णन आणि आकृत्या पुरतात. पण वर्णनात हात आखडता घेऊ नका. जे तिथं लिहिलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. पूर्ण अर्जाला बरोबर १२ महिने मिळतात, आणि ती मुदत वाढत नाही.

आता आमच्या प्रशासनाबद्दल. अर्ज भरल्याची पावती मी प्रामाणिकपणे दाखवली आणि आठ दिवसांत पत्र आलं: ड्युटीच्या काळात, संस्थेच्या रुग्णांमुळे सुचलेली वस्तू संस्थेच्या मालकीची का मानू नये, याचा खुलासा करावा. जेवण गेलं नाही त्या दिवशी. कर्मचाऱ्याच्या शोधावर मालकी कुणाची, हे पेटंट कायदा थेट सांगत नाही. नेमणुकीचा करार काय म्हणतो ते पाहावं लागतं. माझं २००९ चं नेमणूकपत्र एक पानाचं. त्यात गणवेश धुण्याचा भत्ता आहे, शोधाचं नाव नाही. खुलाशासोबत मी वहीच्या झेरॉक्स, सुट्टीच्या दिवसाची हजेरी आणि चाचांच्या पावत्या जोडल्या. तीन महिने काहीच नाही. मग मेट्रनबाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टरनी, तोडगा काढला: मालकी आम्हा दोघांची, पण आमच्या रुग्णालयाला पाट कायम फुकट वापरता येईल, असं पत्र मी द्यायचं. दिलं. ते मी तसंही दिलंच असतं. विचारायची पद्धत तेवढी लागली मनाला. तुमचं नेमणूकपत्र आजच काढून वाचा, एवढं सांगते.

रुग्णांवर वापरायच्या आधी एथिक्स कमिटी, म्हणजे अशा वापराला परवानगी देणारी समिती. पहिली बैठक रद्द झाली, कारण किमान पाच सदस्य लागतात आणि चारच आले होते. दुसरी जून २०२३ ला. पुन्हा पुन्हा वापरायची शस्त्रक्रियेची साधी अवजारं वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत सहसा क्लास ए मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात येतात, हे मी पाठ करून गेले होते. कुणी विचारलंच नाही. प्रश्न विचारला तो डॉक्टर नसलेल्या सदस्यानं, एका निवृत्त गुरुजींनी. "बाई, ती पट्टी आपोआप सुटते म्हणता. सुटून जखमेत पडली आणि कुणाच्या लक्षात नाही आलं तर?"

खोलीत शांतता. आम्ही सगळ्यांनी दहा महिने त्या सुटण्याचं कौतुक केलं होतं. सुटल्यावर पट्टी जाते कुठं, हे एकानंही विचारलं नव्हतं. परवानगी पुढच्या बैठकीवर गेली आणि ते योग्यच झालं. चाचांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पाटाशी कायमची कडी जोडली. मी सिलिकॉन निळं निवडलं, रक्तात निळं चटकन दिसतं, आणि गॉजसारखी पट्ट्यांचीही मोजणी यादीत घातली. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, संमतीपत्र मराठीत असण्याच्या अटीवर. पहिल्यांदा वापरला तेव्हा सर काही बोलले नाहीत. निडल होल्डर मागितलं, मी दिलं, टाका पडला. तेवढंच.

पूर्ण अर्जासाठी मात्र एजंट घेतला. दावे लिहिणं हे आपलं काम नाही. एक शब्द कमी-जास्त झाला की हद्द बदलते, खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं. त्याचे २२,००० घेतले. मुखत्यारपत्राचा मुद्रांक आणि नोटरी ६००. ५ जानेवारी २०२४ ला अर्ज गेला, मुदतीच्या चार दिवस आधी. माझ्यामुळेच उशीर. आकृत्या मी रंगीत पाठवल्या होत्या. तिथं ए-४ कागदावर साध्या काळ्या रेघा लागतात, त्या पुन्हा काढाव्या लागल्या.

बायांनो, हे नीट वाचा. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तपासणीला रांग असते. पण अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यात एक जरी स्त्री असेल, तर २०१९ पासून जलद तपासणी मागता येते. फॉर्म १८ ए, फी ८,०००. त्यासोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९, फी २,५००. साध्या तपासणीला ४,००० लागतात. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, चला, तुमच्यामुळं माझा नंबर पुढं लागला.

मे २०२४ ला तपासणी अहवाल आला. पाच पानं, नुसत्या हरकती. ती परदेशी कडी पहिल्याच पानावर. शोधात नवी पायरी नाही, म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असं आहे. माहीत असलेल्या गोष्टींची नुसती जुळवणी आहे, कलम ३(एफ). आणि शेवटचे दोन दावे शस्त्रक्रियेच्या पद्धतीचे आहेत, कलम ३(आय). मला वाटलं संपलं. एजंट म्हणाले, हरकतीविना अहवाल त्यांनी पाहिलेलाच नाही. आपल्या कायद्यात शस्त्रक्रियेच्या पद्धतीला पेटंट नाहीच, उपकरणाला आहे. ते दोन दावे काढून टाकले. आणि ते बरंच आहे, नाहीतर उद्या कुणी बोट कसं शिवायचं यावरही हक्क सांगायचा. बाकीच्या उत्तरात आमच्या ताणकाट्याच्या नोंदी कामाला आल्या: सरळ खाच, उतरती खाच, फरक काय पडतो. उत्तराला सहा महिने असतात, आम्ही ऑगस्टमध्ये दिलं.

डिसेंबरमध्ये सुनावणी, व्हिडिओवर. रुग्णालयात रेंज फक्त रेकॉर्ड रूममध्ये चांगली, म्हणून जुन्या केसपेपरच्या गठ्ठ्यांत खुर्ची टाकून बसले. शेजारी चाचा, इस्त्रीचा शर्ट घालून. बोलायचं काम एजंटचं होतं, पण अधिकाऱ्यांनी विचारलं की खाच नेमकी कशी सुटते. चाचांनी न विचारताच पाट कॅमेऱ्यासमोर धरला आणि पट्टी ओढली. टप्प. ती सुटली, पण कडीला लटकून राहिली. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं, ते दिलं. उत्तर आणि सुनावणीचे मिळून १३,०००, ते सरांनी हट्टानं भरले.

मार्च २०२५ ला पेटंट मिळालं. ते पीडीएफ असतं. पोस्टमन येत नाही, पेढा द्यायला कुणी दारात नसतं. मी नाईटला होते, मोबाईलवर उघडलं, दोन्ही नावांचं स्पेलिंग तपासलं आणि पुढची केस घेतली. त्यानंतर तिसऱ्या वर्षाची ८०० रुपये फी भरली, अर्जाच्या तारखेपासून वर्षं मोजतात म्हणून ती लगेच लागली. सगळं मिळून ६०,१५०.  

आता सत्कार. तो आपोआप होत नाही, त्याचाही प्रस्ताव असतो. तीन प्रती, दोन फोटो, सेवेचा गोषवारा, मेट्रनची शिफारस, 'चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला. तो दाखला त्याच टेबलावरून घ्यायचा होता जिथून दोन वर्षांपूर्वी खुलासा मागितला होता. क्लार्कनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी प्यायले.

मसुदा आला तो असा: 'डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली थिएटर पथकाने विकसित केलेले उपकरण.' सर संतापले, मी लेखी दुरुस्ती दिली. 'शोधक' म्हणून दोघांची नावं पेटंटवर आहेत तशी घाला, सोबत प्रमाणपत्र जोडलं. माझं नाव झालं. चाचांचं नाही. सत्कार कर्मचाऱ्यांचा असतो, बाहेरच्या माणसाची तरतूद नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा तेच उत्तर. शेवटी मेट्रनबाईंनी त्यांना पाहुण्यांच्या यादीत बसवलं, 'पुरवठादार' या रकान्यात, आणि अकाउंटवाल्यांनी त्यांना फोन करून जीएसटी नंबर विचारला.

१७ तारखेला सकाळी पाऊस होता, मंडप गळत होता. ध्वजवंदन झालं, हैदराबाद संग्रामावर भाषण झालं. ट्रॉफीवर माझ्या आडनावातला एक काना गायब होता, ती आता दुरुस्तीला गेलीय. बोलायला दोन मिनिटं होती. मी लिहून नेलं होतं, पण कागद भिजला. मग खाचेचं सांगितलं, ट्रॅक्टरच्या फणाचं सांगितलं, आणि तिसऱ्या ओळीतल्या माणसाचं नाव घेतलं. चाचा उठून उभे राहिले, कपाळाला हात लावला आणि पटकन बसले. टाळ्या आमच्या ब्रदर लोकांनी सुरू केल्या, तोच स्टेटसवाला पुढं होता. पाकिटातले पाच हजार एक पगारात धरले जाणार आणि त्यावर कर लागणार, हे अकाउंटनं दुसऱ्याच दिवशी कळवलं.

शाल चाचांना द्यावी म्हणून दुकानात गेले, तर म्हणाले, लेथजवळ शाल काय कामाची, अडकली तर हात जायचा.

परवा पुन्हा गेले होते. चौथ्या वर्षाचे ८०० रुपये ९ जानेवारीच्या आत भरायचेत, ते सहज बोलता बोलता निघालं. तिसऱ्या वर्षाचे मी एकटीनं भरले म्हणून चाचा अजून रुसलेले होते. "नाम दोनों का, तो पैसे बी दोनों के." गल्ला उघडून त्यांनी दहा-वीसच्या तेलकट नोटा मोजल्या, चारशे झाल्यावर पुन्हा एकदा मोजल्या, माझ्या हातात ठेवल्या आणि पावती आणून द्या म्हणाले.